कांडरस्टेग ते लॉयकरबाद, गेम्मी खिंडीवरून : उतरताना केबल कार घेऊ नका

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे कापला ते येईलच पुढे, पण आधी एक गोष्ट सांगून टाकते. स्वित्झर्लंडमधल्या ह्या वाटेबद्दल जे काय वाचायला मिळतं त्यात बहुतेक जण वरचा तलाव आणि खिंडीतून दिसणारी बर्फाची शिखरं ह्यावर भरभरून लिहितात, आणि मग 'तिथून केबल कारने खाली आलो' अशी उताराची एका ओळीत बोळवण करतात. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, ह्या ट्रेकचा खरा ऐवज त्या शेवटच्या उतारातच आहे आणि वरचं सगळं म्हणजे तिथवर पोचायची सोय. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी तो चुकवू नये.

कांडरस्टेग हे बर्न कँटनमधलं (कँटन म्हणजे तिथलं राज्य) गाव, साधारण १२०० मीटरवर. लॉयकरबाद डोंगराच्या पलीकडे, वालिस कँटनमधे, १४०० मीटरवर. मधे गेम्मी खिंड, २३०० मीटरच्या आसपास. नकाशात बघाल तर दोन्ही गावं शेजारी शेजारी वाटतात पण मधून गाडीरस्ता नाहीच, गाडी असेल तर ती कांडरस्टेगला रेल्वेच्या डब्यावर चढवून लोचबर्गच्या बोगद्यातून पलीकडे न्यायची आणि मग खालून फिरून परत वर यायचं. त्यामुळे दोन गावांमधला सरळ रस्ता म्हणाल तर तो आजही पायीच आहे आणि मला ह्याचीच गंमत जास्त वाटते.

पोचणं सोपं आहे. बर्नहून स्पीत्स, तिथून कांडरस्टेग, सगळं मिळून तासाभराच्या आसपासचा प्रवास. फक्त एक लक्षात ठेवा की २००७ मधे खालचा नवा बोगदा झाल्यापासून फास्ट गाड्या सगळ्या तिकडून जातात आणि कांडरस्टेगला त्या येतच नाहीत, तेव्हा जुन्या घाटाच्या लाइनवरची गाडी पकडायची, नाहीतर डोळ्यासमोर डोंगर निघून जाईल आणि तुम्ही डायरेक्ट डोंगरापलीकडच्या फिस्पला. जुना बोगदा १९१३ सालचा आहे, आणि ती लाइन ज्या पद्धतीने वळणं घेत घेत वर चढते ते खिडकीतून बघण्यासारखं आहे, म्हणून मी तर म्हणेन फास्ट गाडीपेक्षा हीच बरी.

स्टेशनपासून दरीच्या टोकाला सुनब्युएलला वर जाणाऱ्या केबल कारचं खालचं स्टेशन आहे, तिथपर्यंत लोकल बस आहे किंवा नदीकाठाने चालतही जाता येतं. इथे दोन मतं असतात. कट्टर लोक म्हणतात पूर्ण चालायचं तर गावातून चढा, साडेसातशे मीटरचा खडा चढ, केबल कार कसली घेता. मी स्पष्ट सांगते, घ्या. हा चढ काही वाईट नाही, झाडीतून आहे, पण त्यात जे पाय खर्च होतात ते तुम्हाला दुपारी उतरताना लागणार आहेत. चढाला केबल कार आणि उताराला पाय, हे ऐकायला उलटं वाटतं खरं, पण ह्या वाटेला तेच फिट बसतं. आणि हो, वसंतात आणि हिवाळ्याआधी काही आठवडे केबल कार देखभालीसाठी बंद असते, तेव्हा तारखा बघूनच निघायचं.

वर उतरलात की समोर जे दिसतं ते बघून जरा बुचकळ्यात पडायला होतं, कारण डोंगरावर आलोय असं वाटतच नाही. मस्त सपाट लांबलचक कुरण, त्याला स्पिटलमाटे म्हणतात, गाई चरतायत, घंटा वाजतायत, मधून रुंद खडीचा रस्ता, तान्ह्या बाळांना बाबागाडीत घालून आलेले आईबाप, आजी-आजोबा, कुत्री. सुट्टीच्या दिवशी तर जत्राच. मधे अरोला पाइनच्या झाडांत एक छोटंसं तळं आहे, बहुतेक फॅमिली मंडळी तिथेच पथाऱ्या पसरतात. पुढे गर्दी आपोआप पातळ होत जाते.

ह्या कुरणात मात्र नुसते फोटो काढत पुढे जाऊ नका, डावीकडे मान वर करून आल्टेल्स बघा. गुळगुळीत, तिरका, एकसंध कातळाचा उतार आहे, कुणीतरी तासून ठेवलाय असा. ११ सप्टेंबर १८९५ ला पहाटे ह्या उतारावरची हिमनदी तुटून खाली आली, लाखो घनमीटर बर्फ, आणि ज्या कुरणात आपण उभे असतो तिथे ६ माणसं आणि दीडशेच्या वर गुरं त्याखाली गेली. त्याआधी १७८२ मधेही असंच झालं होतं. आता तिथे तसा बर्फ उरलेला नाही. पण त्या उताराकडे बघितलं आणि मग खाली शांतपणे रवंथ करणाऱ्या गाईंकडे बघितलं की जरा चर्र होतं.

गाईंचं निघालंच आहे तर, वाट सरळ कुरणातून जाते, मधे कुंपणाची विजेची तार असते आणि तिला हँडलचा हूक असतो, तो काढायचा, आत जायचं, परत लावायचा. लावायचाच. वासरू सोबत असेल तर गाईपासून चांगलं लांबून जायचं, वासराला हात लावायला, सेल्फी काढायला जायचं नाही. तिथे तशा पाट्या लावलेल्या असतात, चित्रासकट, आणि त्या शोभेसाठी नाहीत. एक गाय माझ्या सॅकचा घामेजलेला पट्टा चाटायला आली होती, तिची जीभ म्हणजे पॉलिश पेपर, हाताला लागली तर साल निघेल अशी खरखरीत. मिठासाठी करतात म्हणे.

कँटनची हद्दही ह्या कुरणातच कुठेतरी ओलांडली जाते. म्हणजे खिंड यायला अजून निम्म्याहून जास्त वाट बाकी आणि तुम्ही वालिसमधे पोचलेले पण! साधारण हद्द असते ती डोंगराच्या धारेवर, इथे वालिसवाले खिंड ओलांडून अलीकडे येऊन बसलेत, कारण कुरण कुणाचं हा प्रश्न धारेपेक्षा मोठा.

मग थोडा चढ आणि श्वारेनबाख. दगडी, एकटंच उभं असलेलं हॉटेल, २०६० मीटरवर. १७४२ मधे बांधलं तेव्हा ते जकात नाकं होतं, खिंडीतून जाणाऱ्या मालावर इथे कर वसूल व्हायचा. आपल्याकडे नाणेघाटात कातळात कोरलेला जकातीचा रांजण ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच जवळचं वाटेल, डोंगर कुठलाही असो, जिथे वाट अरुंद तिथे आधी जकातवाला येऊन बसतो.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगते कारण मला सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच झाली. डोंगरावरच्या अशा ठिकाणी सगळीकडे साधारण तेच मिळतं, रोश्टी म्हणजे बटाट्याचा किस परतून केलेला जाड थर, वर चीज किंवा अंडं, मग वाइनमधे भिजवलेल्या पावावर वितळलेलं चीज, सूप, सफरचंदाचा केक. एका डिशला २० ते ३० फ्रँक धरून चाला, सामान वर आणणं सोपं नाही त्यामुळे किमतीवर कुरकुर करण्यात अर्थ नाही. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवायचं की रोश्टीत आणि सूपमधे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे न विचारता येऊ शकतात, त्यामुळे ऑर्डर देतानाच 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' (मांस नको, डुकराचे तुकडे नकोत) असं दोन्ही म्हणायचं, नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागेलच असं नाही. ह्या वाटेवर नाही, दुसऱ्याच एका डोंगरी हॉटेलात मला 'व्हेज' म्हणून आणून दिलेल्या सूपच्या तळाशी ते तुकडे निघाले होते, आणि वर ते म्हणाले की थोडेसेच आहेत. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. पाण्याची बाटली खाली गावातच भरून घ्या, नळाचं पाणी सगळीकडे प्यायचंच असतं.

आता अर्धा तारा. सुनब्युएल ते तलाव हा जो भाग आहे ना, त्यातला बराचसा रस्ता म्हणजे खरंच रस्ता आहे. रुंद, खडीचा, मधेमधे सायकलवाले. निसर्ग सुंदर आहे पण पायाखाली काही घडतच नाही, आणि ज्यांना पायवाटेची आवड आहे त्यांना तासाभराने कंटाळा येऊ शकतो. मला आला. श्वारेनबाखच्या पुढे जरा बरं होतं, झाडं संपतात, दगड वाढतात, मार्मोट (खारीच्या कुळातले जाडजूड डोंगरी प्राणी) शिट्या मारतात आणि कुठे लपलेत ते दिसत नाही, वारा सुरू होतो. तर अर्धा तारा त्या खडीच्या रस्त्याला वजा.

डाउबेनझे. तलाव लांबट आहे, २२०० मीटरवर, पाणी निळंशार वगैरे नाही हं, हिमनदीच्या गाळाचं राखाडी-हिरवट, ढग आला की शिशासारखं. पोस्टकार्डासाठी येणारे इथे थोडे नाराज होतात. पण ह्या तलावाची खरी गोष्ट अशी की त्यातून बाहेर पडणारा ओढाच नाही, चुनखडीचा प्रदेश आहे, पाणी तळातून जमिनीत मुरून कुठे दुसरीकडेच निघतं. जूनमधे गेलात तर त्यावर बर्फाचे तुकडे तरंगताना दिसू शकतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी ह्या तलावापाशी मेंढपाळांची जत्रा भरते, आसपासच्या कुरणांतून शेकडो मेंढ्या हाकत आणतात आणि त्यांना मीठ चारतात, वालिसच्या काळ्या तोंडाच्या, केसाळ, शिंगवाल्या मेंढ्या. ज्यांना गर्दी चालते त्यांनी तोच दिवस धरावा, ज्यांना शांतता हवी त्यांनी कटाक्षाने टाळावा.

आकाशाकडेही लक्ष ठेवा, ह्या भागात दाढीवालं मोठं गिधाड दिसतं. आल्प्समधून ते पार संपवलं होतं माणसांनी, कोकरं पळवतं म्हणून, खरं तर ते बिचारं हाडं खाऊन जगतं. १९८६ पासून परत सोडायला सुरुवात केली आणि आता वालिसमधे बऱ्यापैकी जम बसलाय. आम्हाला एक दिसलं, किंवा सोबत आलेल्या माझ्या आत्याच्या मते ते विमान होतं.

तलावाच्या कडेने चालत राहिलं की शेवटी थोडा चढ लागतो, आणि मग जमीन संपते. अक्षरशः संपते. इतका वेळ आपण एका लांब पसरट खोऱ्यातून रमतगमत चाललेलो असतो, खिंडीचा चढ वगैरे काही जाणवलेलाच नसतो, आणि एकदम पायाखाली नऊशे मीटरचा कडा आणि तळाशी लॉयकरबादची छपरं. समोर पलीकडच्या बाजूला वालिसची चार हजारी शिखरं रांगेत, वाइसहॉर्न, दां ब्लांश, मॅटरहॉर्न सुद्धा, पण इतक्या लांबून ते त्याच्या चॉकलेटच्या खोक्यासारखं दिसत नाही, शोधावं लागतं. म्हणून मी सांगत असते की जायचं तर उत्तरेकडूनच या. लॉयकरबादहून चढलात तर कडा आधीच समोर असतो, सरप्राइज काही उरत नाही, वर दक्षिणेचं ऊन सकाळपासून तोंडावर आणि मग पुढचा सगळा सपाट भाग नुसता पाय ओढत.

खिंडीवर हॉटेल आहे, केबल कारचं वरचं स्टेशन आहे, आणि इथेच सगळे ठरवतात. आत्याने ठरवलं. म्हणाली, "अगं मला नको ती उतरंड, तू ये चालत, मी खाली जाऊन पाण्यात पाय सोडून बसते." मी म्हटलं, "आत्या, एकटी जाशील ना?" तर म्हणाली, "डबा खाली जातोय, मी नुसती आत उभी राहणारे." बरोबरच होतं तिचं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी ही केबल कार वरदान आहे, काही मिनिटांत खाली. सोबत कुणाला झेपत नसेल म्हणून अख्खा बेत रद्द करायची गरज नाही, निम्मे चालत निम्मे डब्यातून असं सहज जमतं. शेवटचा डबा किती वाजता ते मात्र सकाळीच बघून ठेवा, संध्याकाळी लवकर बंद होतं.

तर उतार.

कड्याच्या तोंडावर उभं राहून बघितलं तर वाट कुठे जाते हेच कळत नाही. खालून बघितलं तरी दिसत नाही, गावात उभं राहून वर बघाल तर वाटेल की ह्या भिंतीवरून पाल उतरेल फार तर. आणि तरी १७३९ ते १७४१ ह्या काळात टिरोलहून आणलेल्या कामगारांनी ह्या कातळात वाट फोडली, छिन्नी, हातोडे आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर. कुठे कातळ आत कोरून वाट केलीय त्यामुळे डोक्यावर दगडाचं छत येतं, कुठे उघड्या घळीवर खालून दगडांची भिंत रचत आणून त्यावर वाट टाकलीय. मी एका वळणावर बसून ती रचाई बघितली, मोठा दगड, त्याच्या फटीत कपचा, त्यावर परत मोठा दगड किंचित डोंगराकडे कललेला, पाणी जायला आडवी चर. डागडुजी होत असणारच, पण आखणी तीच आहे, खेचरं मालासकट चालली पाहिजेत ह्या हिशोबाने उताराचा कोन धरलेला, त्यामुळे कडा एवढा भयानक आणि वाट मात्र शहाण्यासारखी, रुंद, एका लयीत नागमोडी. कुठेही हाताने चढायउतरायचं नाही. दर वळणाला गाव एकदा डाव्या खांद्याखाली येतं, एकदा उजव्या, आणि प्रत्येक वेळी थोडंसंच मोठं झालेलं असतं. वरून केबल कार सुळकन जाते, आतले लोक हात करतात, त्यांना काय दिसत असेल देव जाणे, वाट तर नक्की दिसत नसणार.

खाली गरम पाण्याचे झरे, त्यामुळे पूर्वी आजारी माणसांना खुर्चीत बसवून हमाल ह्याच वाटेने उतरवायचे. खेचरावर बसूनही लोक उतरायचे. १८६१ मधे एक तरुण फ्रेंच सरदारीण खेचरावरून उतरताना इथेच कड्यावरून पडून गेली. त्यानंतर मग उतरताना बसून जायचं नाही, पायीच उतरायचं असा नियम झाला.

धोका किती, तर कोरड्या दिवशी, बर्फ नसताना, ज्याला उंचीची भीती नाही त्याला अजिबात त्रास नाही. उंचीची भीती असेल तर मात्र इथे प्रयोग करू नका, वाट कितीही रुंद असली तरी बाजूला काय आहे ते दिसतंच. पाट्यांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा आहे म्हणजे डोंगरी वाट, साध्या पिवळ्या पाटीच्या वाटेपेक्षा एक पायरी वर, घोट्यापर्यंतचे बूट हवेत, घसरड्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. कातळावर बारीक खडी पसरलेली असते आणि ती पायाखाली गोट्यांसारखी पळते, काठ्या असतील तर इथे काढा. पाटीवर वेळ लिहिलेली असते ती न थांबता चालणाऱ्याची, आणि स्विस माणसाची, पाटी दोन तासाच्या आसपास सांगते तिथे फोटो, पाणी, गुडघ्यांची मनधरणी धरून तीन ठेवा. जुलै-ऑगस्टमधे दुपारनंतर वीज-पाऊस येतो, तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास खिंडीत पोचलेलं उत्तम, आणि ढग काळे दिसले तर हट्ट न करता केबल कार, ती तिथे आहेच. जून महिन्यात आणि ऑक्टोबरमधे वाट उघडी आहे का ते आधी विचारून घ्या, हिवाळ्यात वरचा सुनब्युएल ते गेम्मी भाग बर्फावरून चालण्यासाठी तयार करतात पण ही कड्याची वाट बंदच. स्विसटोपोचं नकाशाचं अ‍ॅप फुकट आहे आणि वाट अगदी वळणावळणासकट दाखवतं, हवामानासाठी मेटेओस्विस. काही झालंच तर मदतीसाठी १४४ नंबर.

मुलांना न्यावं का? वरच्या कुरणापर्यंत कुठल्याही वयाचं, उतारावर मात्र जी सांगितलेलं ऐकतात आणि हात सोडून पळत नाहीत तीच. कोणती ते तुम्हालाच माहीत.

लॉयकरबादमधे शिरताना मांड्या थरथरत असतात आणि तेव्हाच हे गाव त्याची खरी किंमत वसूल करतं. इथे जमिनीतून ५१ अंशांपर्यंतचं गरम पाणी येतं, दिवसाला ३९ लाख लिटर, ते थंड करून तलावात सोडतात. बाहेरच्या उघड्या कुंडात गळ्यापर्यंत बसायचं आणि आत्ताच उतरलेल्या कड्याकडे बघायचं. तिकीट स्वस्त नाही पण ह्या पैशांवर मी एक शब्द बोलणार नाही. स्विमिंग कॉस्च्युम सॅकमधे घालूनच निघा, आधी शॉवर घ्यावाच लागतो. आणि एक, सौनाचा भाग वेगळा असतो आणि तिथे कपडे घालून जायचं नसतं, बायका-पुरुष एकत्र, हे आत्याला आत पाऊल टाकल्यावर कळलं, तिथून ती ज्या वेगाने परत आली त्या वेगात ती गेम्मी आरामात उतरली असती.

मुक्काम करणार नसाल तर लॉयकरबादहून लॉइकला बस, साधारण अर्धा तास, तिथून ट्रेनने फिस्प आणि मग परत बर्नकडे. बसला वळणं भरपूर आहेत, पोटभर चीज खाऊन लगेच बसू नका. जड सामान असेल तर ते स्टेशनवरून पुढच्या गावी पाठवायची सोय आहे, ती आधी बुक करावी लागते, आणि ते केलं तर दिवसभर पाठीवर फक्त पाणी, जॅकेट आणि कॉस्च्युम. शक्य असेल तर रात्र तिथेच काढा, कारण कुंडातून बाहेर आल्यावर बस पकडायची इच्छा कुणालाच नसते.